काय हलवायचं आणि काय नाही: जुन्या फोटोंतून एआय व्हिडिओ करताना

बेळगावच्या शहापुरातल्या एका हातमागाचा काळा-पांढरा फोटो. मागावर बसलेले काका, उजव्या हातात दोरी, वर कौलांमध्ये बसवलेल्या काचेतून उतरलेला उजेड. गल्लीच्या गणेशोत्सवासाठी जुन्या फोटोंचा दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिला हाच फोटो मी एआयला दिला आणि खाली लिहिलं, ‘याचा व्हिडिओ कर.’ दोन-तीन मिनिटांनी क्लिप आली. काका डोलत होते, दोन्ही हात कापडावरून फिरवत होते, आडवा धागा नेणारा धोटा मात्र जागचा हलला नव्हता. आयुष्यभर माग चालवलेल्या शेजारच्या आजोबांना मी ती दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, दोनदा बघितली आणि म्हणाले, “हा माग चालवूलालाय व्हय? पेटी वाजवूलालाय की!”

मागावर उजव्या हातानं दोरी ओढली की धोटा उडतो, डाव्या हातानं फणीची चौकट अंगाकडं ओढून धागा ठोकतात आणि पाय पावडीवर चालू असतात. हे सगळं आजोबांच्या अंगात आहे, यंत्राच्या नाही. त्या क्लिपनंतर मी कामाची पद्धतच उलटी केली. काय हलवायचं ते नंतर. काय हलू द्यायचं नाही ते आधी कागदावर लिहायचं. पुढं लिहिलेल्या सगळ्या पायऱ्या त्या एका सवयीवर उभ्या आहेत.

यंत्र एका फोटोतून काय बनवतं

सेकंदाला २४ फ्रेम (एकेक स्थिर चित्र) धरल्या तर पाच सेकंदांच्या क्लिपमध्ये १२० फ्रेम येतात. त्यातली एक तुम्ही देता. उरलेल्या ११९ यंत्र रचतं. सुरुवात नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातून होते, आणि तुमचा फोटो व तुमची सूचना यांच्याशी जुळेल अशा बेतानं तो गोंधळ टप्प्याटप्प्यानं साफ केला जातो. शिकताना पाहिलेल्या असंख्य व्हिडिओंवरून पाणी कसं वाहतं, कापड कसं फडफडतं याचा अंदाज त्याला आलेला असतो. जे खूप वेळा पाहिलंय ते छान येतं, जे क्वचित पाहिलंय तिथं ते दडपून सांगतं. समुद्राच्या लाटा त्यानं भरपूर पाहिल्यात. हातमाग, नऊवारीचा काष्टा, तुतारी, विड्या वळणारी बोटं फारशी पाहिलेली नसावीत, हे निकालावरूनच कळतं.

दुसरी गोष्ट, पहिली फ्रेम खरी असते आणि तिच्यापासून जितकं लांब जावं तितका अंदाज वाढत जातो. म्हणून पहिल्या सेकंदाला काका काकाच असतात, पाचव्या सेकंदाला त्यांचे मावसभाऊ वाटायला लागतात. पाच सेकंदांची क्लिप काढून पहिले अडीच-तीनच वापरायचे, असा हिशेब मी ठरवून टाकलाय.

फोटो निवडताना

सगळे फोटो टेबलावर पसरा आणि प्रत्येकाकडं बघून विचारा की या फोटोत आपोआप हलणारं काय आहे. धूर, पाऊस, पाणी, दिव्याची ज्योत, पताका, झाडाची पानं, ढग, उजेडात तरंगणारी धूळ ही यंत्राची हातखंडा कामं. खानापूरकडच्या पावसात भिजलेल्या कौलारू घराचा फोटो असेल तर तो डोळे झाकून निवडा. चुलीच्या धुराचा असेल तर तोही.

अवघड काय? हातानं केलेलं कुठलंही कसबी काम. जेवणारी माणसं. ढोल-ताशा, कारण काठी कातड्यावर कधी पडते हे यंत्राला कळत नाही. बैलगाडीच्या चाकाचे आरे. लांबवर दिसणारी गर्दी, जिथं चेहरे तांदळाएवढे असतात आणि हलले की वितळतात. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे फोटो आपल्याकडं प्रत्येक घरात सापडतात, पण त्यात या सगळ्या अडचणी एकाच चौकटीत असतात. तरी ते टाळू नका, त्यावर पुढं उपाय आहे. खरं तर चित्ररथावर सजीव देखावा करणारी आपली पोरं तासन् तास न हलता उभी राहायची, तेच तर त्याचं कौतुक. तो शिवाजी महाराजांच्या वेशातला मुलगा फोटोत स्थिर आहे कारण तो खरोखरच स्थिर होता. त्याला हलवायला जाऊ नका.

आणखी एक भानगड म्हणजे पाहिलेली जागा आणि यंत्रानं रचलेली जागा. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचा, म्हणजे १२०४ साली बांधलेल्या त्या जैन मंदिराचा, छतातलं दगडी कमळ दाखवणारा फोटो मी एकदा दिला आणि कॅमेरा गोल फिरवायला सांगितला. क्लिप सुरेख आली. फक्त फोटोत नसलेल्या बाजूच्या पाकळ्या आणि मूर्ती यंत्रानं स्वतः कोरल्या होत्या. सजावट म्हणून हे चालेल, पण ‘आपला वारसा’ असं खाली लिहून दाखवणार असाल तर ती थाप झाली. हलशीचं वराह-नरसिंहाचं मंदिर असो की किल्ला, दगडाच्या कामाला कॅमेरा सरळ पुढं किंवा मागं न्या, तोही हळू. वळवू नका. गोकाकच्या धबधब्याचंही तसंच. कडा ५२ मीटर उंच, पण उन्हाळ्यात तिथं उघडा खडकच जास्त दिसतो. एप्रिलचा फोटो दिला तर यंत्र बेधडक आषाढातलं पाणी सोडून देतं.

निवडतानाच परवानगीचंही उरकून घ्या, नंतर फार जड जातं. भारतीय कायद्यानुसार फोटो प्रसिद्ध झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९२४ मध्ये टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे त्या काळी छापून आलेले फोटो मोकळे झालेत. पैसे देऊन स्टुडिओकडून काढून घेतलेल्या घरच्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. हे झालं कायद्याचं. गल्लीतलं वेगळं. ज्यांचे आजोबा पडद्यावर पापणी हलवणार आहेत त्या घरी आधी जाऊन क्लिप दाखवा. एका घरी मला “नको रे, फोटोच बरा” असं सांगितलं, मी तो फोटो तसाच स्थिर ठेवला. महाराजांच्या, देवांच्या किंवा हयात नसलेल्या माणसांच्या तोंडी बोलणं घालणं मी करतच नाही. लहान मुलांचे फोटो ऑनलाइन साधनांवर चढवत नाही.

फोटो संगणकात घेताना

शक्यतो स्कॅनर वापरा. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी, स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, ते पुरेसे होतात. स्कॅनर नसेल तर फोटो चौकटीतून बाहेर काढा, खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइल फोटोला अगदी समांतर धरा. काचेसकट काढलात तर काचेतलं तुमचं प्रतिबिंबही हलायला लागेल. हसू नका, झालंय तसं माझं.

फोटोची पांढरी किनार कापून टाका. ती राहिली तर यंत्राला वाटतं की भिंतीवरच्या चौकटीचा फोटो आहे, मग ते चौकट तशीच ठेवून कॅमेरा हलवत बसतं. भेगा, शाईचे डाग, टाचणीची भोकं आधी साफ करा, नाहीतर भेगेची दोरी होते आणि डागाची माशी. पण चेहरा उजळून देणारी जी एआय साधनं आहेत ती जपून वापरा. धूसर चेहऱ्यावर ती नवेच डोळे बसवतात. घरच्यांना ओळख पटते ती धूसरपणासकट.

मग आडव्या पडद्यासाठी १६:९ आणि मोबाइलवर पाठवायला ९:१६ अशा मापात कापा. हे माप तुम्ही ठरवलं नाही तर साधन ठरवेल आणि आजीच्या डोक्यावरचा पदर वरून छाटला जाईल.

साधन कोणतं

यावर वाद घालण्यात अर्थ नाही, दर काही महिन्यांनी क्रम बदलतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेलं स्टेबल व्हिडिओ डिफ्यूजन एका फोटोतून १४ किंवा २५ फ्रेम काढायचं, म्हणजे डोळा लवेपर्यंत संपायचं. त्यानंतर रनवे, क्लिंग, लुमा, पिका, हायलुओ अशी ऑनलाइन साधनं झपाट्यानं पुढं गेली. त्यात बहुतेक ठिकाणी ५ किंवा १० सेकंदांचा पर्याय असतो. गूगलचं व्हिओ जेमिनीतून वापरता येतं, ८ सेकंदांची क्लिप देतं आणि तिच्यात डोळ्यांना न दिसणारी सिंथआयडी ही खूण असते.

फोटो बाहेर पाठवायचेच नसतील तर वान हे अलीबाबाचं मुक्त मॉडेल कॉम्फीयूआय या मोफत प्रोग्राममध्ये घरच्या संगणकावर चालवता येतं. त्याच्या २.२ आवृत्तीचं ५ अब्ज पॅरामीटरचं छोटं रूप २४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर ७२०पी क्लिप काढतं. असं कार्ड आपल्या गल्लीत गेम खेळणाऱ्या एखाद्या इंजिनिअरिंगच्या पोराकडं असण्याची शक्यता जास्त. चहा आणि कुंद्यावर काम होतं.

ऑनलाइन असेल तर क्रेडिट, म्हणजे प्रत्येक क्लिपमागं खर्च होणारे गुण, जपा. आधी सगळ्यात स्वस्त, कमी दर्जाच्या पर्यायावर तीन-चार प्रयोग करा, सूचना जमली की मगच महाग पर्यायावर एकदा काढा. फुकट खात्यावर क्लिपवर साधनाचा शिक्का येतो, तो खोडत बसण्यापेक्षा एका महिन्याचे पैसे भरून त्या महिन्यात सगळं काम संपवा.

सूचना लिहिणं

‘सुंदर, भावनिक, सिनेमासारखा व्हिडिओ’ असलं काही लिहू नका. यंत्र भावनिक म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी आणतं. फोटोत काय आहे याचंही वर्णन करत बसायची गरज नाही, ते त्याला दिसतंय. तुम्ही फक्त हालचाल सांगायची. ती या क्रमानं: कॅमेरा काय करतो, कोणती एकच गोष्ट हलते, किती वेगानं, आणि बाकीचं कसं आहे. मराठीत लिहिलं तरी काही साधनांना कळतं, पण इंग्रजीत निकाल जास्त भरवशाचा येतो. मी आधी मराठीत विचार करून लिहितो, मग इंग्रजीत उल्था करतो. तसे दोन नमुने देतो.

पावसातल्या घराला: ‘कॅमेरा पूर्ण स्थिर. कौलांच्या कडेवरून पावसाच्या धारा सलग पडतात. अंगणातल्या पाण्यावर थेंबांची वर्तुळं उठतात. दारातली बाई शांत उभी आहे, श्वासापुरती हालचाल.’

निपाणीकडच्या तंबाखूच्या शेताला: ‘कॅमेरा अतिशय हळू पुढं सरकतो. वाऱ्यानं रुंद पानं हलकेच डुलतात. शेतकरी पाठमोरा, जागेवर उभा. आकाश स्थिर.’

‘शांत उभी आहे’ असं का, ‘चालू नये’ असं का नाही? कारण नकार यंत्राला नीट पचत नाही. ‘चालू नये’ लिहिलं की त्यातलं ‘चालणं’ तेवढं उचललं जातं आणि बाई तरातरा निघते. जे नको ते सांगायला काही साधनांत वेगळा रकाना असतो, तिथं लिहा. मुख्य सूचनेत हवं तेच लिहा.

एका क्लिपमध्ये एकच क्रिया. ‘आजोबा फेटा बांधतात, हसतात आणि हात जोडतात’ हे तीन सेकंदांत माणसालाही जमणार नाही. आणि फेट्यावरून आठवलं: हलला की आपला कोल्हापुरी फेटा हळूहळू राजस्थानी साफा होत जातो. नऊवारीचा काष्टा सुटून सहावारी होते. सूचनेत कितीही लिहा, वळण त्याच बाजूला. त्याला औषध एकच, डोकं आणि कपडे हलू द्यायचेच नाहीत.

काही साधनं पहिली आणि शेवटची अशा दोन फ्रेम घेतात. हा पर्याय फार उपयोगाचा आहे. एकाच चौकाचे एकाच कोनातून काढलेले जुना आणि नवा असे दोन फोटो असतील तर जुन्यातून नव्यात जाणारी क्लिप निघते. शेवटच्या फ्रेमलाही मूळ फोटोच दिला तर माणूस निदान परत स्वतःच्या चेहऱ्यावर येऊन थांबतो.

गोठवायचं ते गोठवा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. गल्लीतल्या एका जुन्या दुकानाचा फोटो होता, वर फळी, एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. क्लिपमध्ये दुसऱ्या सेकंदाला दोन्ही लिप्यांची एकसारखी वाट लागली. कुठली कुठली ते सांगता येईना. सीमाप्रश्नावर यंत्रानं काढलेला तोडगा म्हणून मी तो मित्रांना पाठवला, पण पडद्यावर दाखवायची सोय नव्हती.

उपाय जुनाच आहे, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या कुणालाही येतो. सूचनेत कॅमेरा पूर्ण स्थिर ठेवून क्लिप काढा. डाव्हिंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत किंवा केडेनलाइव्हमध्ये ती खालच्या ट्रॅकवर ठेवा. वरच्या ट्रॅकवर मूळ स्थिर फोटो ठेवा, मापात तंतोतंत जुळवून. आता वरच्या फोटोला मास्क लावा, म्हणजे फळी, चेहरे, हात, कपडे एवढाच भाग राहील आणि बाकीचा कापला जाईल. कापलेल्या जागेतून खालची क्लिप दिसते. मास्कची कड २० ते ३० पिक्सेल मऊ करा, नाहीतर कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसतं. क्लिपचा रंग मूळ फोटोपेक्षा थोडा सरकलेला असतो, तो आधी जुळवा.

झालं. अक्षरं खरी, चेहरा खरा, हात खरे. हलतो तो फक्त धूर किंवा पाऊस. चित्ररथाच्या फोटोत मी मशालींच्या ज्वाळा आणि भगवे झेंडे एवढेच मोकळे सोडले, सगळी गर्दी गोठवली. बघणाऱ्यांपैकी कुणालाही गर्दी थांबलेली आहे हे खटकलं नाही. डोळा हलत्या गोष्टीकडंच जातो.

अशा गोठवलेल्या क्लिपमध्ये कॅमेरा सरकल्यासारखा हवा असेल तर तो आता द्या, एआयकडून नाही. दोन्ही ट्रॅक एकत्र करून टाइमलाइनवर कीफ्रेम (सुरुवातीचं आणि शेवटचं माप ठरवणाऱ्या खुणा) लावून १०० टक्क्यांवरून १०६ टक्क्यांपर्यंत हळू मोठं करा. एवढं पुरतं.

मागाच्या फोटोत मी शेवटी काका, माग, धागे सगळं गोठवलं. हलतेय ती कौलाच्या काचेतून येणाऱ्या उजेडातली धूळ.

क्लिप पास करण्याआधी एकदा पाव वेगानं बघा: बोटं मोजा, दात बघा, पापण्या दोन्ही एकदम मिटतात का, मागून कुणी नवीन माणूस तर आला नाही ना. आवाज बंद करून बघा. आणि फोटोतल्या माणसाला ओळखणाऱ्या कुणाला तरी दाखवा, तो तुमच्यापेक्षा आधी चूक धरतो.

जोडणी आणि आवाज

वेगवेगळ्या साधनांच्या क्लिप वेगवेगळ्या फ्रेमदरानं येतात, कुठली १६, कुठली २४. टाइमलाइन २४ किंवा २५ वर सुरुवातीलाच ठरवा. शेवटी सगळ्यावर एकच हलका दाणेदार थर टाका, म्हणजे हललेले आणि न हललेले फोटो एकाच पेटीतले वाटतात. प्रत्येक फोटो हलवायचाच असंही नाही. माझ्या दीड मिनिटात १४ फोटो होते, हलले सात.

आवाज मात्र एआयचा घेऊ नका. ओसरीत मोबाइल ठेवून कौलांवरचा पाऊस रेकॉर्ड करा, गल्लीतल्या पथकाच्या सरावाला जाऊन ढोल घ्या. मागासाठी मी घाईत वडगावात गेलो आणि यंत्रमागाचा आवाज घेऊन आलो. आजोबांनी लगेच ओळखलं, “हे तर कारखान्यातलं. येवढ्या जोरात हातमाग धावतोय व्हय?” मग चालू हातमाग शोधून दोन मिनिटं रेकॉर्डिंग केलं. आधी धोट्याचा ‘खट’, मग फणीचा जड ‘धप्’, मध्ये माणसाच्या श्वासाएवढी फट. तो गोठलेल्या फोटोखाली लावला आणि पुन्हा त्यांच्याकडं गेलो. त्यांनी या वेळी चष्मा वर केला नाही. पाय खाली फरशीवर आवाजासोबत हलत होते.

पडद्यावर जाण्याआधी

मंडपातल्या एलईडी पडद्यात वाटतात तेवढे ठिपके नसतात. ऑपरेटरला पडद्याचं माप आणि ‘पी’ किती ते विचारा. पी ४ म्हणजे दोन ठिपक्यांत ४ मिलिमीटर. ३ बाय २ मीटरचा पडदा असेल तर हिशेबानं ७५० बाय ५०० पिक्सेलच झाले. तिथं फोरके फाइल नेऊन उपयोग नाही, आणि पडदा १६:९ सुद्धा नाही, म्हणजे वर-खाली काळे पट्टे येणार किंवा कडा कापल्या जाणार. मंडपासाठी ३:२ मापाची वेगळी प्रत काढा. बारीक अक्षरं जातात, नावं जाड आणि मोठी ठेवा.

‘जुने फोटो, एआयच्या मदतीनं हलवलेले’ ही ओळ मी सुरुवातीलाच चार सेकंद ठेवतो, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये. शेवटी टाकली तर तोवर लोक प्रसादाच्या रांगेत गेलेले असतात. यूट्यूबवर चढवताना खऱ्यासारखा दिसणारा बदललेला मजकूर जाहीर करण्याचा पर्याय येतो, तिथंही ‘होय’ करा.

फाइल एमपी४, एच.२६४. दोन पेनड्राइव्हवर, नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता, कारण ऑपरेटरच्या लॅपटॉपवर मराठी नावांचे चौकोन होतात आणि मग अंधारात कुठला चौकोन आपला ते शोधावं लागतं. आरतीच्या तासभर आधी एकदा पूर्ण चालवून बघा, तेही दिवस मावळल्यावर. उजेडात धूळ दिसत नाही.